शूटिंगमधले अपघात: फायटर, कलाकार आणि सेटवरच्या माणसांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या नागपट्टिनम जिल्ह्यात एका चित्रपटासाठी गाडी उलटवण्याचा शॉट घेताना एस. एम. राजू हे अनुभवी स्टंट कलाकार गेले. रॅम्पवरून उडालेली ती गाडी लाखो लोकांनी फोनवर पाहिली आणि पुढे सरकवली. त्यानंतर अनेकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

शूटिंगमध्ये माणसं नेमकी कशाने जखमी होतात?

उंचावरून पडणं, गाड्या आणि मोटारसायकली, आग, पाणी, हेलिकॉप्टर, बंदुका, घोडे, क्रेन, विजेचा धक्का. ही यादी कुणीही करेल. पण झालेल्या अपघातांच्या हकिकती ओळीने वाचल्या, की त्याच त्या गोष्टी वर येतात. ठरलेला शॉट ऐन वेळी बदलला होता. उजेड चालला होता म्हणून तालीम गाळली होती. ज्याचं काम सुरक्षिततेवर नजर ठेवायचं, त्याला पैसे वाचवायला घरी पाठवलं होतं. कुणाच्या तरी मनात शंका आली होती, पण सगळं युनिट थांबलेलं असताना ती बोलून दाखवायची कशी, म्हणून तो गप्प बसला.

बहुतेक अपघातांमध्ये धोका आधीपासून माहीत असतो आणि त्यावरचा उपायही माहीत असतो. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

साध्या सीनमध्येही अपघात होतो का?

होतो, आणि त्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्या मराठी माणसांचंच आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये एका प्रसंगात ललिता पवार यांना थोबाडीत मारायची होती. मारणारे होते मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा. हात खरोखरच जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, उपचार जवळजवळ तीन वर्षं चालले आणि डोळा कायमचा बारीक झाला. त्या तेव्हा विशीत होत्या आणि नायिकेची कामं करत होत्या. ती तिथेच संपली. पुढे खाष्ट सासू आणि मंथरा म्हणून त्यांनी जे उभं केलं ते त्यांचं कर्तृत्व. त्या थपडेला त्याचं श्रेय द्यायचं कारण नाही.

पडद्यावरची थोबाडीत कशी मारतात, हे जरा जवळून बघू. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे असतो. मारणाऱ्याचा हात समोरच्याच्या गालापासून चांगला वीतभर लांबून जातो, पण कॅमेऱ्याच्या कोनामुळे मधली पोकळी दिसत नाही. आधी दोघांची नजरानजर होते, तोच इशारा. हात गेला की मार खाणारा मान झटक्यात वळवतो. मार बसल्याचा भास त्याच्या मानेतून येतो. ‘चट्’ हा आवाज नंतर स्टुडिओत टाकतात. म्हणजे जोर मारणाऱ्याने लावायचाच नसतो. हे नव्या नटाला शिकवायला दहा मिनिटं पुरतात. तरीही आज कितीतरी सेटवर “खरंच मार, त्याशिवाय एक्स्प्रेशन येणार नाही” असं सांगणारे दिग्दर्शक आहेत. कुणी असं म्हटलं तर नटाने किंवा नटीने सरळ नाही म्हणावं.

‘कुली’च्या वेळी अमिताभ बच्चन यांना नेमकं काय झालं होतं?

२६ जुलै १९८२, बेंगळुरू विद्यापीठाचा परिसर. पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीत अमिताभ यांना ठोसा खाऊन टेबलावर पडायचं होतं. उडीची वेळ चुकली आणि टेबलाची कड पोटात बसली. बाहेर रक्त नाही, मोठी जखम नाही. आत मात्र आतडं फाटलं होतं. बेंगळुरूच्या सेंट फिलोमिना रुग्णालयातून त्यांना मुंबईत ब्रीच कँडीला आणलं. २ ऑगस्टला काही मिनिटं ते हाती लागत नाहीत अशी अवस्था झाली होती. २४ सप्टेंबरला ते घरी गेले.

लोकांना यातला नवसासायासांचा, प्रार्थनांचा भाग लक्षात आहे. दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, हा काही कड्यावरून उडी मारण्याचा स्टंट नव्हता; हिंदी चित्रपटात तेव्हा रोज होणारी मारामारी होती. दुसरी, अपघात तिथे संपला नाही. उपचारांत त्यांना बऱ्याच रक्तदात्यांचं रक्त चढवलं गेलं, त्यातून हिपॅटायटिस-बीची लागण झाली आणि त्यात यकृताचा मोठा भाग निकामी झाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. एका चुकलेल्या उडीचा हिशेब पुढची कित्येक वर्षं चालू राहिला.

फायटर, डुप्लिकेट, फाइट मास्टर यांत फरक काय?

मुंबईच्या सेटवर स्टंट करणाऱ्याला ‘फायटर’ म्हणतात. एखाद्या नटाच्या जागी त्याचे कपडे, त्याचा विग घालून उभा राहतो तो त्याचा डुप्लिकेट. सगळा प्रसंग बसवतो तो फाइट मास्टर. हल्ली श्रेयनामावलीत त्याला ॲक्शन डायरेक्टर म्हणतात. कुठली दोरी, किती गाद्या, कोण किती वेगाने येणार, हे तो ठरवतो. मुंबईतले फायटर मूव्ही स्टंट आर्टिस्ट असोसिएशनचे सभासद असतात.

मोठे नायक “मी माझे स्टंट स्वतः करतो” म्हणतात. खरं असतं का?

काहींच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं असतं आणि त्याचे परिणामही खरे असतात. १९८६ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जॅकी चॅन भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी घेत होता. फांदी मोडली, डोकं दगडावर आपटलं आणि कवटीला भोक पडलं. टॉम क्रूझचा घोटा ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनला इमारतीवरून उडी मारताना मोडला, तोही कॅमेऱ्यासमोर. शूटिंग काही आठवडे बंद राहिलं.

पण नायकाने एकदा केलेली उडी त्याआधी फायटरांनी अनेकदा करून पाहिलेली असते. दोरी किती ताणायची, गादी कुठे सरकवायची, हे त्यांच्या अंगावर आजमावून ठरतं. प्रसिद्धीच्या मुलाखतीत त्यांचं नाव येत नाही.

शिवाय नायकाचा उत्साह हाच कधीकधी धोका बनतो. मल्याळम नट जयन १६ नोव्हेंबर १९८० रोजी मद्रासजवळच्या शोलावरम इथे उडत्या हेलिकॉप्टरला लटकण्याचा प्रसंग करत होता. आधीचे टेक चांगले झाले होते. आणखी एक घेऊ, असा आग्रह त्याने स्वतः धरला, असं युनिटमधल्या लोकांनी नंतर सांगितलं. त्या टेकला हेलिकॉप्टरचा तोल गेला आणि ते कोसळलं. जयन ४१ वर्षांचा होता. अशा वेळी सगळ्यात मोठ्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणू शकेल असा कुणीतरी सेटवर असावा लागतो.

उंचावरून पडताना फायटर वाचतो कसा?

खाली हवेची मोठी गादी असते, किंवा पुठ्ठ्याची रिकामी खोकी. खोक्यांना कुणी जुनाट समजू नये. एकावर एक रचलेली खोकी, वर मॅट, भोवती दोरीने आवळलेलं सगळं. माणूस पडला की खोकी थराथराने चेपतात आणि त्याचा वेग हळूहळू मरतो. हवेच्या गादीला बाजूने झडपा असतात. धक्का बसला की हवा ठरावीक वेगाने बाहेर जायला हवी. झडपा बंद राहिल्या तर गादी माणसाला परत उडवते, जास्त उघड्या असतील तर तो जमिनीला टेकतो. पडायचं ते पाठीवर. पायांवर उतरायला गेलं तर गुडघा तोंडावर येतो.

गादी मोठी म्हणून निर्धास्त राहता येत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत ए. जे. बकुनास याने ३०० फुटांहून जास्त उंचीवरून उडी घेतली. तो बरोबर गादीवर पडला, पण गादीच फाटली. याच्या उलट जॉन बर्नेकर. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेच्या सेटवर, तो सज्जातून पडला. उंची जेमतेम २२ फूट, म्हणजे रोजच्या कामातली. गादी चुकून तो काँक्रीटवर आपटला आणि गेला. दुमजली घराच्या उंचीला कुणी फारसं घाबरत नाही, त्यामुळे तिथे काळजीही कमी घेतली जाते.

पाण्यातले प्रसंग इतके जीवघेणे का ठरतात?

पाणी मऊ असतं, असा समज असतो. उंचावरून पडणाऱ्याला ते तसं लागत नाही. धक्क्याने श्वास सुटतो, अंगावर जीन्स आणि बूट असतात, आणि पोहता येणारा माणूसही दोन मिनिटांत दमतो.

७ नोव्हेंबर २०१६ ला बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात ‘मास्ती गुडी’ या कन्नड चित्रपटाचा शेवटचा प्रसंग चालला होता. नायक दुनिया विजय आणि खलनायकाचं काम करणारे अनिल आणि उदय, तिघांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी मारली. विजय वाचला. अनिल आणि उदय कॅमेऱ्यांसमोर बुडाले. आपल्याला नीट पोहता येत नाही, भीती वाटते, असं त्या दोघांनी उडीपूर्वी पत्रकारांना बोलून दाखवलं होतं. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. बचावाची नाव वेळेवर पोचली नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला पाण्यात उतरवायचं नाही, हा नियम सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तिथे शेकड्याने माणसं हजर होती.

आग अंगावर घेतात, ती कशी?

आत आग न पकडणाऱ्या कापडाचे थर, त्यावर आणि उघड्या त्वचेवर थंड जेल, मग वेशभूषा, आणि जिथे ज्वाळा हव्यात तेवढ्याच भागावर जळणारं रसायन. आग लागल्यावर फायटर श्वास घेत नाही. गरम वाफ छातीत गेली तर आतून भाजतं. सगळं काही सेकंदांचं असतं. आता पुरे झालं की तो पोटावर पालथा पडतो, तो इशारा. चहूबाजूंनी ओली गोणपाटं, ब्लँकेटं आणि सिलिंडर घेतलेली माणसं उभी असतात, आणि त्यांची नजर शॉटकडे नसते, त्या माणसाकडे असते.

नटांना मात्र असं प्रशिक्षण नसतं. ‘मदर इंडिया’च्या वेळी गुजरातेत गवताच्या गंज्या पेटवल्या होत्या, वारा फिरला, नर्गिस आगीत अडकल्या आणि सुनील दत्त यांनी आत शिरून त्यांना काढलं. तेही भाजले. त्यांच्या लग्नाच्या गोष्टीत हा प्रसंग नेहमी प्रेमकथा म्हणून येतो. तो सुरक्षिततेचा भंग होता, हेही तितकंच खरं.

आणि ८ फेब्रुवारी १९८९ चा मैसूर. प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानवरच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट आणि तंतूंचं अस्तर, डोक्यावर प्रचंड दिवे, सैल वायरी, हवा खेळायला जागा नाही, आग विझवायला नीट साधनं नाहीत. ६२ माणसं मेली. दिग्दर्शक आणि नायक संजय खान तेरा महिने रुग्णालयात होते. मेलेले बहुतेक जण कामगार होते, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. गोरेगावच्या फिल्म सिटीत आणि चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत अलीकडच्या वर्षांत सेट जळाले तेव्हा मला प्रत्येक वेळी मैसूर आठवलं. प्लायवूड, थर्माकोल, पडदे आणि वायरी. सामग्री आजही तीच आहे.

नकली गोळीने माणूस कसा मरतो?

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते म्हणून हा प्रश्न येतो. एक ‘ब्लँक’: त्यात दारू असते, पुढे शिशाची गोळी नसते. दुसरी ‘डमी’: दिसायला खरी, पण आत दारू नाही, जवळून दाखवायला वापरतात.

ब्लँकही निरुपद्रवी नाही. नळीतून गरम वायू आणि बुच जोरात बाहेर येतं. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर वेळ घालवताना गमतीने ब्लँक भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि काही दिवसांत तो गेला.

ब्रँडन ली याची हकिकत मात्र नीट समजून घ्यावी अशी आहे. ३१ मार्च १९९३, ‘द क्रो’चा सेट, अमेरिकेतलं विल्मिंग्टन. युनिटने खऱ्या काडतुसांमधली दारू काढून घरच्या घरी डमी बनवल्या होत्या. पण काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते, ती तशीच राहिली. कुणीतरी चाप ओढला, ती टोपी फुटली, आणि तेवढ्याशा जोराने शिशाचं टोक नळीत जाऊन अडकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये दारूने भरलेलं ब्लँक घातलं. मागे दारू, पुढे अडकलेलं शिसं. म्हणजे खरी गोळीच तयार झाली. शस्त्रांवर देखरेख करणारा माणूस त्या वेळी सेटवर नव्हता. नळीत एकदा डोकावून पाहिलं असतं तर ली वाचला असता. तो २८ वर्षांचा होता.

एवढं होऊनही २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर खऱ्या गोळ्या आल्याच. ॲलेक बाल्डविन या नटाच्या हातात रिव्हॉल्व्हर देताना ते रिकामं असल्याचं ओरडून सांगितलं गेलं होतं. त्यातून गोळी सुटली आणि छायालेखिका हलायना हचिन्स ठार झाली. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला न्यायालयाने रद्द केला. नळीतली ठिणगी संगणकावर सहज टाकता येते. माझ्या मते आता सेटवर दारू असलेलं शस्त्र आणण्याचं कारणच उरलेलं नाही.

हेलिकॉप्टर आणि स्फोट एकत्र का वापरू नयेत?

‘कुली’च्या अपघाताच्या तीनच दिवस आधी, २३ जुलै १९८२ च्या पहाटे, कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’चं शूटिंग चाललं होतं. व्हिक मॉरो हा नट दोन लहान मुलांना काखेत घेऊन नदी ओलांडतोय, वर खूप खाली उडणारं हेलिकॉप्टर, भोवती स्फोट. एका स्फोटाने हेलिकॉप्टरचा मागचा पंखा निकामी झाला आणि ते तिघांवर कोसळलं. मुलं सहा आणि सात वर्षांची होती. लहान मुलांना इतक्या रात्री कामाला लावणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून त्यांना परवान्याशिवाय, चोरून आणलं होतं. दिग्दर्शकासह पाच जणांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये सगळे सुटले. त्या प्रकरणानंतर अमेरिकेत सुरक्षिततेच्या लेखी सूचना, मुलांच्या कामाचे नियम, हे सगळं कडक झालं. हे दोन्ही अपघात एकाच आठवड्यात घडले, हे आपल्याकडे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

आता सगळं संगणकावर होतं ना? मग धोका कमी झाला नाही का?

काही बाबतींत झाला. वाघ, बॉम्ब, कडे आता खरे लागत नाहीत. पण संगणकामुळे दोरी पुसता येते, म्हणून दोरीचं काम वाढलं, आणि दोरीने माणसाला फेकण्याचा जोरही वाढला. डेव्हिड होम्स हा हॅरी पॉटरच्या चित्रपटांत डॅनियल रॅडक्लिफचा डुप्लिकेट होता. जानेवारी २००९ मध्ये तालमीच्या वेळी दोरीने त्याला मागे खेचलं ते इतक्या जोरात, की तो भिंतीवर आदळून त्याची मान मोडली. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. ऑलिव्हिया जॅक्सन २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोटारसायकल चालवत सरळ कॅमेऱ्याच्या क्रेनकडे येत होती. क्रेन वेळेत वर गेली नाही. ती काही आठवडे बेशुद्ध होती आणि तिचा डावा हात कापावा लागला.

तालमीतला अपघात लोक अपघातात धरत नाहीत. मागे खेचण्याच्या अशा स्टंटची तालीम आधी माणसाच्या वजनाच्या वाळूच्या पोत्यावर करायची असते, आणि वजन, दाब किंवा अंतर यातलं काहीही बदललं की पुन्हा पोत्यापासून सुरुवात.

स्टंट करणाऱ्या बायकांना जास्त धोका असतो का?

एका अगदी साध्या कारणाने असतो: कपडे. पुरुष डुप्लिकेटच्या जाकिटाखाली कोपर, गुडघे, पाठ, सगळीकडे पॅड लपतात. नायिका बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये असेल तर तिची डुप्लिकेट तीच उडी उघड्या कातडीवर घेते. वेशभूषा ठरते त्या बैठकीला फाइट मास्टर हजर असला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

२०१७ मध्ये व्हँकुव्हरला ‘डेडपूल २’च्या सेटवर जोई हॅरिस मोटारसायकलवरून जाताना काचेवर आदळून गेली. ती व्यावसायिक शर्यतपटू होती. पात्र हेल्मेट घालत नाही, म्हणून तिच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हतं.

आपल्याकडे १९३५ च्या ‘हंटरवाली’पासून नादिया घोड्यावर, रेल्वेवर, झुंबरावर होती आणि वाडिया मूव्हिटोनचे खेळ तिच्या नावावर भरत. पुढे मात्र बराच काळ नायिकेची साडी नेसून पुरुषच उड्या मारत. रेश्मा पठाण यांनी १९६० च्या दशकाअखेरी, चौदाव्या वर्षी काम सुरू केलं, संघटनेत जागा मिळवली. ‘शोले’त बसंतीचा टांगा उलटतो तेव्हा टांग्यावर त्या आहेत.

कॅमेऱ्यामागच्या माणसांचं काय?

त्यांची बातमी एका दिवसात विरते. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाचं शूटिंग चालू असताना घोडे सांभाळायला आलेला १९ वर्षांचा मुलगा तटावरून खाली कोसळला आणि काही दिवसांनी कोल्हापुरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुलीला गाण्याचं शूटिंग झाल्यावर एक तरुण नर्तक हातावरचा रंग धुवायला कृष्णेत उतरला आणि वाहून गेला. दोघेही त्या वेळी कॅमेऱ्यासमोर नव्हते. गडावर शूटिंग करायचं तर तटाच्या कडेला दोरी आणि माणूस, नदीकाठी करायचं तर टायर, दोर आणि पट्टीचा पोहणारा, एवढी व्यवस्था शूटिंग सुरू होण्याआधीपासून पॅक-अपनंतर शेवटची गाडी निघेपर्यंत हवी. गावात विचारलं तर असा पोहणारा अर्ध्या तासात मिळतो.

१९ फेब्रुवारी २०२० ला चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर क्रेन कोसळून तिघे गेले, त्यात सहायक दिग्दर्शक होता. २० फेब्रुवारी २०१४ ला जॉर्जियात सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा सहायक रेल्वेपुलावर गाडीखाली सापडली. रेल्वेने त्या रुळांवर चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. त्या प्रकरणात दिग्दर्शकाने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला.

आणखी एक धोका बातमीत येतच नाही: झोप. १९९७ मध्ये अमेरिकेत एक कॅमेरा सहायक १९ तासांचं काम संपवून घरी जाताना गाडी चालवता चालवता झोपला आणि मेला. आपल्या मालिकांच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट सोळावर जाणं नवीन नाही, आणि रात्री दोनला मढवरून किंवा फिल्म सिटीतून स्पॉट दादा बाइकवर कल्याण-नालासोपाऱ्याला निघतो.

घोड्यांबद्दल काही?

घोड्याला पाडायचे जुने प्रकार, पायांना तार बांधून धावताना ओढणं वगैरे, क्रूर होते. त्यात घोडे मरत आणि स्वारही. आता आपल्याकडे प्राण्यांच्या चित्रीकरणासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. नटासाठी सल्ला इतकाच: रोजचा घोडा बदलला, तर त्याच्यावर अर्धा तास बसल्याशिवाय शॉट देऊ नका.

डोक्याला मार लागला, पण बरं वाटतंय. काम चालू ठेवावं का?

नाही. हृतिक रोशन यांच्यावर जुलै २०१३ मध्ये मुंबईत मेंदूवर साकळलेलं रक्त काढण्याची शस्त्रक्रिया झाली. मार त्याआधी सुमारे दोन महिन्यांपूर्वी एका स्टंटच्या वेळी लागला होता. असं रक्त हळूहळू साठतं, आणि डोकेदुखी आठवड्यांनी सुरू होते. फायटरांमध्ये ‘चक्कर आली, पाणी मारलं, पुढचा टेक दिला’ हे अभिमानाने सांगायची पद्धत आहे. ती सोडायला हवी. उलटी, गरगरणं, बोलताना अडखळणं, झोपाळूपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी स्कॅन.

शॉट थांबवण्याचा अधिकार कुणाला असतो?

कागदावर निर्मात्याची जबाबदारी, व्यवहारात दिग्दर्शक आणि फाइट मास्टरचा शब्द. असायला हवा तो प्रत्येकाला. चांगल्या युनिटमध्ये स्टंटपूर्वी सगळ्यांना गोळा करून काय होणार आहे ते सांगतात, बाहेर पडायची वाट दाखवतात, रुग्णवाहिका कुठल्या रुग्णालयात जाईल हे सांगतात आणि विचारतात, कुणाला काही शंका? मग लाइटमनने हात वर केला तरी थांबतात. याला पाच मिनिटं लागतात.

रोजंदारीवरच्या फायटरला मात्र ‘नाही’ म्हणणं महाग पडतं. उद्या त्याला फोन येणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणून ‘त्याने स्वतःच होकार दिला होता’ हा बचाव मला मान्य नाही.

विमा आणि कायदा काय सांगतो?

निर्मात्याचा विमा बहुतेकदा चित्रपटाचं नुकसान भरून काढण्यासाठी असतो. फायटरचं नाव त्यात आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. धंदा धोक्याचा म्हणून कंपन्या फायटरांना वैयक्तिक विमा द्यायला नाखूश असत. २०१७ मध्ये अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने फायटरांसाठी विमा योजना सुरू झाली. राजू यांच्या मृत्यूनंतर ॲक्शन डायरेक्टर विक्रम सिंग दहिया यांनी सांगितलं, की देशभरातल्या साडेसहाशे ते सातशे जणांना त्याचा लाभ आहे. काम मोलाचं आहे. पण एका अख्ख्या धंद्याची सुरक्षा एका नटाच्या चांगुलपणावर असू नये. तो खर्च प्रत्येक चित्रपटाच्या बजेटमध्ये यायला हवा.

सिने-कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता. त्यात लेखी कराराशिवाय कामाला ठेवायला मनाई होती, आणि तो किती पाळला गेला हे सेटवरच्या कुणालाही विचारा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. केंद्र सरकारच्या निवेदनात डबिंग कलाकार आणि स्टंट करणारे यांचा स्पष्ट उल्लेख आहे: नियुक्तिपत्र द्यावं लागेल, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागेल. तुमच्या हातात ते पत्र येतं का, हे पाहा. नसेल तर संघटनेकडे जा. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती.

स्टंटसाठी पुरस्कार असतात का?

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनासाठी पुरस्कार आहे. २०१६ च्या चित्रपटांसाठी तो पीटर हाइन यांना ‘पुलिमुरुगन’बद्दल मिळाला. ऑस्करला हा विभाग २०२७ च्या चित्रपटांपासून सुरू होतोय. निवड करताना स्टंट किती सुरक्षितपणे केला, हेही बघावं असं मला वाटतं.

अपघात झालाच, तर लगेच काय करावं?

माणसाला ओढून उभं करू नका, मानेला धक्का लागता कामा नये. हेल्मेट घातलं असेल तर प्रशिक्षित माणूस येईपर्यंत काढू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी प्रॉडक्शनची गाडी तयार ठेवा. रुग्णालयात ‘जिन्यावरून पडला’ असं सांगायला कुणी सुचवेल, ऐकू नका. शूटिंगमध्ये लागलं असं सांगून मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी, नोंद करून घ्या, कारण पुढचा विमा आणि भरपाई त्या कागदावर ठरते. कॉल शीट (त्या दिवशी कुणी कधी कुठे यायचं याचा कागद), कामावर बोलावल्याचे मेसेज, त्या दिवशीचे फोटो जपून ठेवा. ज्या टेकमध्ये लागलं त्याचं फुटेज पुसू नये, असं निर्मात्याला त्याच दिवशी लेखी कळवा. संघटनेला फोन करा, ती सभासद नसलेल्यालाही निदान वाट दाखवते. आणि घरच्यांना कुणीतरी ओळखीच्या माणसाने, स्वतःच्या आवाजात कळवा. त्यांना ती चित्रफीत आधी दिसता कामा नये.